कुंकवाची वायर

गेनूभाऊंनी माझं बोट धरून दाखवलेल्या जागा मी आजही डोळे मिटून सांगू शकेन. हेडलाइटच्या डब्यात डाव्या अंगाला, जिथं वायर पत्र्याला घासते ती. सीटखाली बॅटरीच्या टोकाला, जिथं पांढरी बुरशी धरते ती. किल्लीच्या मागचा सैल झालेला स्क्रू. मोटरसायकलचा दोष सापडला की गेनूभाऊ आधी तो दुरुस्त करत नसत. गाडीच्या मालकाला जवळ बोलावत, त्याचं बोट आपल्या काळ्या चिमटीत पकडत आणि नेमकं त्या जागेवर टेकवत.

"बोट ठेवा. हितं हुता."

मालकानं बोट ठेवून "हं" म्हटल्याशिवाय पुढचं काम होत नसे. एकदा एका बड्या बागाईतदारानं हात काळे होतील म्हणून बोट मागं घेतलं. गेनूभाऊ उठले, हात झटकले आणि गाडी तशीच उघडी ठेवून तंबाखू मळत बसले. बागाईतदार अर्धा तास उन्हात उभा राहिला आणि शेवटी मुकाट्यानं पुढं होऊन त्यानं बोट ठेवलं.

मी सोनईला गुरांचा डॉक्टर म्हणून आलो तो दुष्काळाचा काळ होता. विहिरी आटल्या होत्या, माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती आणि माझ्या दवाखान्यात येणाऱ्या गुरांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. खेडोपाडी फिरायला मी नगरच्या एका निवृत्त सुभेदाराकडून मोटरसायकल घेतली होती. माझ्या आधी तिला किती धनी झाले ते तिलाच ठाऊक. टाकीवरचं कंपनीचं नाव केव्हाच उडून गेलं होतं आणि बॅटरी भरतेय की उतरतेय ते दाखवणारा हँडलवरचा काटा कुणा जुन्या मालकाच्या हयातीतच मेला होता. इंजिन मात्र खणखणीत. रोग सगळा विजेचा. हॉर्न दाबला की दिवा लागे, दिवा लावला की गाडी बंद पडे, आणि कधी कधी काहीच न करता ती भर रस्त्यात गप्प होई.

अशीच ती गप्प झाली असताना मी ढकलत ढकलत गेनूभाऊंच्या टपरीवर पोचलो. टपरी म्हणजे घोडेगाव रस्त्याला त्यांच्या घरापुढं काढलेली पत्र्याची पडवी. आत एक दगड, त्यावर गेनूभाऊ. पन्नाशीचा, काटक, डोक्याला मळकं मुंडासं गुंडाळलेला माणूस. शेजारी घडी घातलेल्या गोणपाटावर त्यांची बायको पारूबाई, मांडीवर सुपात रेशनची तांबडी मिलो ज्वारी घेऊन खडे वेचत बसलेली. गेनूभाऊंनी गाडीकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडं पाहिलं.

"काय करत हुता, बंद पडली तवा?"

"काही नाही. चालवत होतो."

"ते दिसतंयच. वळत हुता का सरळ? जाताना का येताना? त्याच्या आदी हॉर्न दिल्ता का? कसा वाजला?"

मला रागच आला. मी म्हणालो, "अहो, गाडी आजारी आहे, मी नाही."

"तुमी गुरांचे डाक्टर ना? मग गाय काय सोता सांगती का तुमाला? गायवाल्यालाच इचारता ना? आपलं दोगांचं गिऱ्हाईक मुकंच हाय."

मी आठवून आठवून सांगितलं. गाडी बंद पडते ती नेहमी जाताना, येताना कधीच नाही. आणि तीही डावीकडं वळताना. गेनूभाऊंनी डोळे बारीक केले. "जाताना हँडलला काय अडकावता?" मी म्हणालो, औषधांची पिशवी. "आन् येताना बाटल्या रिकाम्या," असं म्हणून ते उठले, हेडलाइटच्या मागं हात घातला आणि माझं बोट धरलं. पिशवीच्या वजनानं वायर ताणली जात होती आणि वळताना टोकावरून सुटत होती. गाडीचा एक स्क्रूही न उघडता त्यांनी दोष सांगितला होता. माझं बोट त्या जागेवर टेकलेलं असताना पारूबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "पिशवी खांद्याला अडकवा आता. डाक्टर हाय का खेचर?"

त्या दिवसापासून मी त्या पडवीचा झालो. फेरी संपली की गाडी आपोआप तिकडं वळे. चहा मिळे, गप्पा मिळत आणि गेनूभाऊंचं काम बघायला मिळे.

त्यांचं काम म्हणजे तपासच असे. हातात एकच हत्यार, दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब. तो इथं टेकव, तिथं टेकव, असं करत ते वीज कुठपर्यंत पोचते आणि कुठून पुढं जात नाही ते शोधत. घाईनं नवं सामान बसवायचा त्यांना मनापासून तिटकारा. "दोष एकच असतो," ते म्हणत, "बाकी समदी लक्षनं. एक सापडला की बाकीची आपसूक जात्यात." आणि दुसरं त्यांचं आवडतं वाक्य, "गाडी खोटं बोलत न्हाई. गाडीवाला बोलतो." हे ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर म्हणत. कुणी एक जण शपथेवर सांगत होता की गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. गेनूभाऊंनी सीट उचलली, एका जोडावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ही गाठ डावऱ्या मानसाची हाय. मेव्हणा डावरा हाय का तुमचा?" तो गडी जो वरमला, तो महिनाभर त्या रस्त्याला फिरकला नाही. कारण मेव्हणा खरंच डावरा होता.

स्वतःच्या जोडाची मात्र त्यांना ऐट होती. ते चिकटपट्टी वापरत नसत. जोडावर मेण लावलेला दोरा असा घट्ट आणि सारखा गुंडाळत की बोट फिरवलं तरी कुठं उंचवटा लागू नये. तंबूतल्या सिनेमाच्या जनरेटरवर होतो तेव्हा शिकलो, असं सांगत. त्याआधीचं फारसं काही सांगत नसत.

एक किस्सा मात्र पुन्हा पुन्हा सांगत. तरुणपणी ते पुणतांब्याच्या स्टेशनवर पॉइंट्समनच्या, म्हणजे सांधेवाल्याच्या, नोकरीसाठी गेले होते. "साहेबानं काय केलं, टेबलावर लोकरीच्या लडी मांडल्या. म्हनला, ह्याच्यासारखी दुसरी उचल. ती उचलली, तर म्हनला, आता ह्याच्यासारखी उचल. मी म्हनलं, सायेब, मी रेल्वेत आलोय का सासूचं सूत गुंडाळायला? हाकललं मला!" आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसत. पडवीत बसलेले सगळे हसत. पारूबाई हसत नसत. त्या खाली मान घालून खडे वेचत राहत. इतक्यांदा ऐकल्यावर कुणाला हसू येणार, असं मला वाटे.

या नवराबायकोची गावात थट्टाही फार होई. कारण पारूबाई शेजारी बसल्याशिवाय गेनूभाऊ वायरिंगच्या कामाला हात लावत नसत. त्या विहिरीवर गेल्या असल्या तर गिऱ्हाइकाला थांबावं लागे. त्या आल्या, गोणपाटावर बसल्या, की हे हात पुढं करत. "पारू, कुंकू दे." त्या वायरींच्या जुडग्यातून लाल वायर काढून हातात ठेवत. "पाला दे." हिरवी. "हळद दे." पिवळी. काळीला काजळ म्हणत. गाडीतल्या जुन्या वायरींवरही त्या एकेकीला बोट लावून सांगत जात, हे कुंकू, ह्यो पाला. गिऱ्हाईक डोळे मिचकावत. कुणी म्हणे, "गेनूभाऊ, संसार मांडलाय का गाडी?" गेनूभाऊ म्हणत, "तुमच्या बायका तुमाला हातात पानी तरी देत्यात का? मग गप बसा." पारूबाई लाजून पदर पुढं ओढत. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला वाटे, दोघांनी आपला एक खेळ काढला आहे आणि त्यातच ती सुखी आहेत. खरंच सुखी होती. संध्याकाळी त्या नवऱ्याच्या भेगाळलेल्या बोटांना खोबरेल चोळून देताना मी कितीदा पाहिलं आहे.

आणि गेनूभाऊ. बाजाराच्या दिवशी ते बायकोला बांगड्या भरायला स्वतः घेऊन जात. कासाराला तीन-तीनदा विचारत, "हिरव्याच हाय ना रं?" कासार वैतागून म्हणे, "भाऊ, डोळ्यानं दिसत न्हाई का?" मला वाटे, गेनूभाऊंचा कुणा दुकानदारावर विश्वासच नाही.

उन्हाळा लागला आणि माझ्या दवाखान्याच्या कोठीत उंदीर शिरले. शेतात खायला काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी माझ्या गाडीच्या वायरी खाल्ल्या. एकही धड राहिली नाही. गेनूभाऊ म्हणाले, "सगळीच नवी टाकू. तुमी नगरहून वायर आना, दोन दिसांत देतो."

पहिल्या दिवशी मी संध्याकाळी गेलो तेव्हा दोघं नेहमीसारखी बसली होती. पुढचं अर्धं काम झालं होतं. पारूबाईंच्या टाचेला चिंधी बांधलेली दिसली. आठवड्यापूर्वी गंजलेल्या मडगार्डच्या तुकड्यावर पाय पडला होता. हळद भरली, आता बरं आहे, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी गोणपाट रिकामं होतं. गेनूभाऊ एकटेच गाडीशी बसले होते.

"वहिनी कुठं आहेत?"

"पडलीय आत. मान धरलीय तिची. जबडा बी आखडलाय म्हनती. उशाला काय तरी झालं आसंल."

मी "शेक द्या" म्हणालो आणि आत डोकावून परत फिरलो. हे लिहिताना आज इतक्या वर्षांनीही माझा हात थांबतो. एखाद्या घोड्याची मान अशी धरली असती, जबडा आखडला असता, तर मी सगळ्यात आधी त्याचे खूर तपासले असते. जखम कुठं आहे, किती दिवसांची आहे, असं मालकाला दहादा विचारलं असतं. आदल्या दिवशी ती टाचेची चिंधी मी डोळ्यांनी पाहिली होती. पण मला माझी गाडी हवी होती. दुसऱ्या दिवशी लसीकरणाची फेरी होती, आणि गेनूभाऊंना ते माहीत होतं, म्हणून ते एकटे बसून काम पुरं करत होते.

संध्याकाळी गाडी मिळाली. एका लाथेत सुरू झाली, हॉर्न असा वाजला की रस्त्यावरची कुत्री उठली. दोष काही नव्हताच, त्यामुळं त्या दिवशी माझं बोट कुठं ठेवायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना गेनूभाऊ अनवाणी धावत माझ्या दारात आले. पारूबाईंची दातखीळ बसली होती आणि अंग धनुकलीसारखं वाकत होतं. गावातल्या डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर सांगितलं, धनुर्वात आहे. त्याची प्रतिविषाची लस लागेल, ती इथं नाही, नगरहून आणावी लागेल. बाईला गाडीत घालून नेणं शक्य नव्हतं. नुसता भांड्याचा आवाज झाला तरी झटका येत होता, धक्के बसले तर रस्त्यातच जाईल, असं ते म्हणाले. एसटी दुपारची. गावात तेव्हा धावू शकेल अशी एकच गाडी होती.

मी बर्फासाठी थर्मास गळ्यात अडकवला आणि किक मारली. गेनूभाऊंनी हँडल धरलं.

"डाक्टर, गाडीची काळजी करू नका. मी सोता वायर न् वायर जोडलीय. कुटं थांबायची न्हाई ती."

आणि जाताना ती थांबली नाही. वाऱ्यासारखी गेली. नगरला लस मिळायला थोडा वेळ लागला, पण अकराच्या सुमारास थर्मासमध्ये लस घेऊन मी निघालोसुद्धा. बारा-सव्वाबारापर्यंत सोनईत पोचलो असतो. जेऊर मागं पडलं, घाट लागला. पुढं एक बैलगाडी होती म्हणून हॉर्न दाबला, तर नीट आवाजच निघाला नाही, नुसतं चिरचिरलं. पाठोपाठ इंजिन अडखळलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं.

मी किती लाथा मारल्या असतील त्याला गणती नाही. मग गेनूभाऊंचा चेला म्हणून मिरवत होतो ना, तपासाला बसलो. पेट्रोल पाहिलं, भरपूर होतं. प्लग काढून पुसला. किल्लीच्या मागं पाहिलं. हेडलाइट उघडला. त्यांनी माझं बोट जिथं जिथं ठेवलं होतं त्या सगळ्या जागा बघितल्या. त्या वेळात एक ट्रक माझ्या पाठीमागून घोडेगावच्या दिशेनं निघून गेला. मी त्याला हात केला नाही. आता सापडेल, आता सापडेल, असं मला वाटत होतं. तास गेला. मग मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो, तर दोन तास एक वाहन येईना. थर्मासमधल्या बर्फाचं पाणी झालं. शेवटी चाऱ्याच्या एका ट्रकनं घोडेगावपर्यंत नेलं, तिथून कुणाची तरी सायकल मागून घेतली आणि चारच्या पुढं मी त्या घरात पोचलो. गेनूभाऊ पडवीत रस्त्याकडं तोंड करून उभे होते. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्या खालच्या सायकलकडं पाहिलं.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पारूबाई गेल्या.

मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं, दुपारी बाराला मिळालं असतं तर? ते बराच वेळ पाकिटातल्या सिगारेटी बघत राहिले. "सांगता येत नाही," म्हणाले. "हा रोगच तसा आहे. सांगता येत नाही."

बायकांनी पारूबाईंना न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, मनगटभर हिरव्या बांगड्या, कपाळभर कुंकू. सवाष्ण गेली, भाग्याची गेली, असं त्या एकमेकींना सांगत होत्या. गेनूभाऊ तिरडीजवळ उभे होते. ते रडत नव्हते. त्या चेहऱ्याकडं, त्या लुगड्याकडं ते अशा नजरेनं बघत होते की जणू त्यांना काही तरी वाचायचं आहे आणि अक्षर लागत नाही. मी मान फिरवली.

गाडी घाटातच पडून होती. चार दिवसांनी मी ती ट्रकमध्ये घालून नगरला माळीवाड्याजवळच्या एका मेकॅनिककडं नेली. त्यानं पाच मिनिटांत दोष काढला. डायनामोच्या दोन वायरी उलट्या जोडल्या होत्या. लाल जायची तिथं हिरवी आणि हिरवी जायची तिथं लाल. डायनामो नुसता फिरत होता, बॅटरीत काहीच येत नव्हतं. गाडी आहे त्या बॅटरीवर पळाली आणि ती संपल्यावर थांबली. हँडलवरचा काटा जिवंत असता तर त्यानं गावातच सांगितलं असतं.

"जोड तर बघा, देखणा केलाय अगदी," मेकॅनिक दोऱ्यावर बोट फिरवत म्हणाला आणि हसला. "पन लाल-हिरवं कळत नव्हतं का त्या बाबाला?"

मी तिथल्या बाकावर बसलो. पुणतांब्याच्या साहेबानं मांडलेल्या रंगीत लोकरीच्या लडी, कासाराला तीनदा विचारलेला प्रश्न, कुंकू दे, पाला दे, आणि किस्सा ऐकताना कधीच न हसणाऱ्या पारूबाई. सगळं एकदम समजलं. गेनूभाऊंना लाल आणि हिरवा रंग वेगळे दिसतच नव्हते. उभ्या आयुष्यात हे एका बाईखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती मान धरून आत पडली असताना त्यांनी माझी गाडी एकट्यानं जोडली होती. कारण मला घाई होती.

परत येताना मी ठरवलं की हे त्यांना कधीही कळू द्यायचं नाही. पेट्रोल संपलं, एवढंच सांगायचं. शिवी मला बसू दे.

तेरावा झाल्यावर ते स्वतःच दवाखान्यात आले. दाढीचे खुंट वाढलेले, डोक्याला मुंडासं नाही. पायरीवर बसले. मी पाणी दिलं, ते त्यांनी हातात तसंच धरून ठेवलं.

"घाटात कशानं थांबली?"

"पेट्रोल संपलं, गेनूभाऊ. माझाच गाढवपणा. निघताना बघितलंच नाही."

"वळताना का सरळ?"

"सरळ."

"त्याच्या आदी हॉर्न दिल्ता का?"

"दिला होता."

"कसा वाजला?"

"चांगला. मोठ्यानं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. किती गाडीवाल्यांच्या तोंडाकडं त्यांनी असं बघितलं असेल. मग पेला खाली ठेवला आणि उठले. "गाडी बघू."

मी नको नको म्हणत होतो. ते अंगणात गेले, गाडीपुढं उकिडवे बसले आणि डायनामोपासून निघणाऱ्या वायरींवरून बोटं फिरवत वर आले. त्यांचे दोऱ्याचे जोड एकामागून एक बोटाखालून गेले. मग एका जागी बोटं अडली. तिथं नगरच्या मेकॅनिकनं काळी चिकटपट्टी गुंडाळली होती. एक. शेजारी दुसरी.

"बोट ठेवा, डाक्टर."

मी हात मागं घेतला. त्यांनी तो हळूच ओढला, माझं बोट त्या चिकटपट्टीवर टेकवलं आणि वर स्वतःचं बोट ठेवलं.

"हितं हुता," ते म्हणाले.

मला रडू आवरेना. मी म्हणालो, गेनूभाऊ, माझंही ऐका. टाचेची चिंधी मी पाहिली होती. मला कळायला हवं होतं. घाटात एक ट्रक गेला, मी थांबवला नाही, तासभर खेळत बसलो. ते सगळं ऐकून घेत होते. मग त्यांनी मान हलवली.

"दोष एकच असतो, डाक्टर. सापडला." आणि थोड्या वेळानं अगदी हलक्या आवाजात, "ह्यातली कुंकवाची कंची?"

मी लाल वायरीला बोट लावलं. त्यांनी ती चिमटीत धरली. उजेडाकडं वळवून बघितली, मग दुसरी बघितली.

"मला दोनी येकच दिसत्यात. लगीन झाल्यावर पंधरा दिसांत वळखलं तिनं. म्हनली, कुनाला सांगू नका, मी बसत जाईन शेजारी." वायर सोडून त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले. "तिला नेसवलं ते लुगडं हिरवंच हुतं नव्हं? बाया म्हनत हुत्या. मी लई बगितलं, पन मला कसं कळनार?"

"हिरवंच होतं, गेनूभाऊ. हिरवंगार होतं. आणि बांगड्याही."

"मग बरं झालं," ते म्हणाले, आणि गुडघ्यात डोकं घालून रडले. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पडवी महिना-दीड महिना बंद होती. मग कळलं की ते पंक्चरची कामं करतात, हवा भरून देतात, वायरिंगचं काम आलं तर नाही म्हणतात. मी एक-दोनदा गेलो. चहा देणारं कुणी नव्हतं. ते माझ्याशी नीट बोलले, गुरांची चौकशी केली, गाडीकडं मात्र बघितलं नाही. मला तिथं फार वेळ बसवत नसे.

पुढं माझी बदली झाली. सामान टेम्पोनं पाठवलं आणि निघायच्या दिवशी सकाळी गेनूभाऊंचा निरोप घ्यायला गेलो. लांबूनच दिसलं, पडवीत एक मोटरसायकल उघडी पडलेली होती, हेडलाइटचा डबा मोकळा, वायरी लोंबत असलेल्या. कुणी तरी गळ घातली असणार. गिऱ्हाईक कुठं दिसत नव्हतं. गेनूभाऊ दगडावर बसून कामात गढले होते. मला इतका आनंद झाला की मी रस्त्याच्या पलीकडंच इंजिन बंद करून गाडी उभी केली, म्हटलं अचानक जाऊन हाक मारू.

शेजारी गोणपाट घडी घालून तसंच ठेवलेलं होतं. त्यावर वायरींचं जुडगं. गेनूभाऊंचं डोकं हेडलाइटच्या डब्यात होतं. तिथून मान न काढता त्यांनी डावा हात गोणपाटाकडं पसरला.

"पारू, कुंकू दे."

हात तसाच राहिला. बोटं थोडीशी मिटली, पुन्हा उघडली. मग त्यांनी डब्यातून मान बाहेर काढली आणि त्या उघड्या हाताकडं बघत बसले.

मी हाक मारली नाही. गाडी सुरूही केली नाही. तिचा आवाज ते लगेच ओळखतील, म्हणून हातानं ढकलत वळणापर्यंत नेली आणि तिथं गेल्यावर किक मारली.